‘लस येतेय’ आणि ‘लस दिली’

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: व्हॅक्सिन हा शब्द लॅटिनमधल्या गाईवरून आला हे सगळीकडे वाचायला मिळतं, मग मराठीतली ‘लस’ कुठून आली? तिचा गाईशी काही संबंध आहे का? आणि जखमेतून येते ती लस व दवाखान्यात देतात ती लस, हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मला एका आजीबाईंनी फार वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. मी बालरोगतज्ज्ञ, भाषाशास्त्रज्ञ नव्हे. पण चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात बसले की शब्दांची नाडीही सापडायला लागते.

दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आजी आल्या होत्या. बाळाच्या डाव्या दंडावर, बीसीजी (क्षयाविरुद्धचं इंजेक्शन) टोचलं होतं तिथे, हरभऱ्याच्या डाळीएवढी पुळी, तिचं तोंड फुटलेलं, झबल्याची बाही ओलसर. आजी म्हणाल्या, ‘‘टोचल्या जागेतून लस येतेय हो.’’ समोर बसलेला इंटर्न उत्तरेकडचा, गुणी मुलगा, भित्तिपत्रकं वाचून मराठी शिकत होता. त्याने ‘लस’ म्हणजे हिंदीतला ‘टीका’, व्हॅक्सिन, एवढंच पाठ केलेलं. त्याने केसपेपरवर लिहिलं: लस बाहेर आली, पुन्हा द्यावी. मी तो कागद वेळेवर पाहिला म्हणून बरं. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, पाणी येतं, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत छोटा व्रण ठेवून जाते. हे अपेक्षितच असतं. त्यावर काही लावायचं नाही, पिळायचं नाही आणि पुन्हा टोचायचं तर मुळीच नाही.

आजींची ‘लस’ मूळची. इंटर्नची ‘लस’ तिच्याच पोटची, दोनेकशे वर्षांपूर्वीची.

आपल्याकडे खरचटलं, भाजलं, गळू फुटलं की जे पातळ, किंचित चिकट, पिवळसर पाणी येतं त्याला लस म्हणतात. पू घट्ट, रक्त लाल, आणि या दोन्हींत न बसणारं ते लस. संस्कृतात हा शब्द लसीका असा आहे आणि तो चांगला जुना आहे. त्वचेतलं पाणी व्रणात उतरलं की त्याला लसीका हे नाव मिळतं, असं चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे. कुष्ठाच्या प्रकरणात तर त्वचा, मांस आणि रक्त यांच्या जोडीने बिघडणारी चौथी गोष्ट म्हणून लसीका येते. धातुपाठात ‘लस्’ धातूचे चिकटणे आणि खेळणे असे दोन अर्थ दिले आहेत. पहिला अर्थ आपल्या लशीला शोभतो. दुसऱ्यातून विलास, उल्लास, लास्य ही देखणी मंडळी आली. संस्कृत पंडित ‘अलस’ म्हणजे आळशी हा शब्दही ‘जो लसत नाही तो’ असा सोडवतात. दुसऱ्या डोसाच्या तारखा चुकवणाऱ्या पालकांना हे सांगायचा मोह मी आजवर आवरला आहे.

शाळेच्या जीवशास्त्रात पोरं जे ‘लसीका’ आणि ‘लसीकाग्रंथी’ शिकतात ते याच शब्दाचं नीटनेटकं रूप. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ती लसीकाग्रंथीच. बीसीजीनंतर एखाद्या बाळाच्या डाव्या काखेत येते तीही तीच.

मग जखमेतल्या पाण्याचं नाव औषधाला कसं चिकटलं? त्यासाठी इंग्लंडला जावं लागतं, आणि तिथे गाय भेटते.

ग्लॉस्टरशायरमधल्या बर्कली गावचा डॉक्टर एडवर्ड जेन्नर. गाईंच्या आचळांवर देवीच्या रोगात (स्मॉलपॉक्स) येतात तसे फोड यायचे. दूध काढणाऱ्यांच्या हातांनाही ते व्हायचे आणि अशा माणसांना मग देवी येत नसत, हे त्या भागातल्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं. १४ मे १७९६ या दिवशी जेन्नरने सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी काढून जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन ओरखडे काढून त्यात घातलं. जुलैमध्ये त्याला मुद्दाम खऱ्या देवीचं द्रव्य टोचलं. देवी आल्या नाहीत. (आजची कुठलीही नीतिसमिती हे वाचून चक्कर येऊन पडेल.) १७९८ साली जेन्नरने आपली पुस्तिका छापली आणि त्या रोगाला लॅटिन नाव दिलं: व्हॅरिओली व्हॅक्सिनी. शब्दशः मराठी करायचं तर ‘गाईच्या देवी’. व्हाक्का म्हणजे गाय आणि त्यापासून केलेलं विशेषण व्हॅक्सिनी म्हणजे गाईच्या.

म्हणजे व्हॅक्सिन हा मुळात नामसुद्धा नव्हे. आपण ‘कोल्हापुरी’ म्हणतो आणि चप्पल मनात धरतो, ‘गावरान द्या’ म्हणतो आणि अंडी मिळतात, तसं ते आहे. ‘गाईच्या’ एवढंच उरलं, ‘देवी’ गळून पडल्या. प्लिमथच्या रिचर्ड डनिंग या शल्यविशारदाने १८०० मध्ये व्हॅक्सिनेशन हा शब्द चालवला. तेव्हाही तो फक्त देवींपुरता होता. पुढे १८८१ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत लुई पाश्चरने सुचवलं की जेन्नरच्या सन्मानार्थ अशा सगळ्याच प्रतिबंधक टोचण्यांना हा शब्द वापरावा. तोवर पाश्चरने कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांचा काळपुळी रोग यांवर काम केलेलं होतं. कोंबडी झाली, मेंढी झाली, नाव मात्र गाईचं.

आणि आता तर गाईबद्दलच शंका आहे. देवीची लस ज्या विषाणूची बनायची तो, म्हणजे व्हॅक्सिनिया, आज निसर्गातल्या गाईंच्या देवींच्या विषाणूशी तंतोतंत जुळत नाही. १९०२ साली अमेरिकेत बनलेल्या लशीचा जुना नमुना तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा जवळचा नातेवाईक निघाला तो घोड्यांच्या देवींचा विषाणू. जेन्नरला स्वतःलाही हा रोग मूळ घोड्याच्या खुरांकडून गाईकडे येतो असं वाटायचंच. दोनशे वर्षं गाईचं नाव मिरवणाऱ्या शब्दाच्या मुळाशी घोडा उभा असेल, तर मला त्याची गंमतच वाटते.

आता लशीकडे. जेन्नरच्या काळात ही गोष्ट बाटलीत मिळत नव्हती. ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जायची. टोचल्यापासून साधारण आठव्या दिवशी फोड टपोरा होतो आणि आत स्वच्छ पाणी असतं. नश्तरचं टोक त्या फोडाला लावायचं, पाण्याचा थेंब उचलायचा, रांगेतल्या पुढच्या मुलाला टोचायचं. दिवस उलटून गेले, पाणी गढूळ झालं, पू धरला, की ते निरुपयोगी. या थेंबाला त्या काळचे इंग्रज डॉक्टर लिम्फ म्हणत. एकोणिसाव्या शतकातले सरकारी अहवाल काढले तर व्हॅक्सिनपेक्षा लिम्फच जास्त दिसेल: ताजी लिम्फ, वाळलेली लिम्फ, वासराची लिम्फ. आता लिम्फला मराठीत काय म्हणणार? ज्या पाण्याला आपल्या आज्या लस म्हणत होत्या, ते हेच पाणी. नवा शब्द घडवायची गरजच पडली नाही. फोडातून ‘येते’ ती लस, आणि ती उचलून दुसऱ्याला ‘देतात’ तीही लस. पदार्थ एकच, क्रियापद बदललं.

ही लस आपल्याकडे आली तीही मुंबईतच पहिल्यांदा. इंग्लंडहून जहाजाने पाठवलेली लस प्रवासात आणि उष्म्यात मरून जायची. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी ती काचांमध्ये बंद करून, मेणाने लिंपून खुश्कीच्या मार्गाने कॉन्स्टँटिनोपल-बगदादकडे धाडली. तिथून बसरा, आणि बसऱ्याहून पुढे दंडादंडावरून मुंबई. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. भारतात देवीची लस यशस्वीपणे घेतलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढची मुलं, त्यांच्यापासून पुढची, असं करत लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादला, मद्रासला गेली. त्या साखळीच्या सुरुवातीला एक चिमुरडी दंड पुढे करून बसली होती, हे मला फार जवळचं वाटतं. माझं आयुष्य तसेच दंड धरण्यात गेलं.

दंडावरून दंडावर जाणाऱ्या लशीचा त्रास उघड होता: दुसऱ्याचा रोगही तिच्याबरोबर येऊ शकतो. शिवाय आपल्या समाजात ‘कोणाच्या पोराच्या अंगातलं पाणी’ हा प्रश्न जातीवर जायचाच. पुढे वासरांच्या अंगावर फोड उठवून त्यातली लस खरवडून, ग्लिसरीनमध्ये कालवून वापरू लागले. मुंबई इलाख्यासाठी अशी लस बेळगावात बनत असे. आज बेळगावकर मराठी माणसाला ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हटलं की टिळकवाडीचं मैदान, झाडी आणि मेळावे आठवतात. तिथे कधीकाळी वासरं बांधलेली असत हे नावात तेवढं उरलं आहे.

या सगळ्या काळात साधा माणूस मात्र ‘लस घेतली’ असं म्हणत नव्हता. तो म्हणायचा ‘देवी काढल्या’ किंवा ‘देवी टोचल्या’. गावात येणारा सरकारी माणूस म्हणजे देवी काढणारा. माझ्या डाव्या दंडावर रुपयाच्या नाण्याएवढे दोन व्रण आहेत. काटेरी चकती असलेलं हत्यार कातडीवर दाबून ते गर्रकन फिरवत. बोंब मारायला उसंतसुद्धा मिळत नसे. नंतर दुतोंडी सुई आली, पंधरा टोचे आणि काम झालं. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा देवीचा रुग्ण नोंदला गेला, ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं, आणि देवींबरोबर ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचारही गेला. माझ्या हाताखालच्या तरुण नर्सला तो समजावून सांगावा लागला. तिला वाटलं मी मूर्तीबद्दल बोलतेय.

शेजारच्या भाषांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. कन्नडमध्ये लसिके, आपलंच भावंड. गुजरातीत रसी, म्हणजे तीही व्रणातल्या द्रवावरूनच. तमिळ माणसाने सुईकडे पाहिलं आणि ‘तडुप्पूसि’ म्हटलं, अडवणारी सुई. मल्याळीत ‘कुत्तिवेप्पु’, टोचणं. हिंदी-बंगालीने त्वचेवरच्या खुणेला नाव दिलं: टीका, म्हणजे टिळा. बंगालकडे जेन्नरच्याही आधीपासून खऱ्या देवीचं द्रव्य टोचणारे टीकादार होते, त्यांच्याकडून तो शब्द आला. युरोपने गाय पाहिली, आपण पाणी पाहिलं, हिंदीने ठिपका पाहिला. रोगाला आळा बसतो ही मुख्य गोष्ट सांगणारं नाव यांत एकट्या तमिळनेच ठेवलं. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीहून ‘टीका उत्सव’ जाहीर झाला तेव्हा मराठी कानांची जी करमणूक झाली ती सांगायला नकोच. आपल्याकडे टीकेचा उत्सव बारमाही असतो.

(एक फाटा इथेच मोडून टाकते. ‘गाईच्या आचळावरच्या फोडातून लस घ्यावी असं धन्वंतरीने सांगितलं आहे’ हा श्लोक दर साथीत फिरतो. उपलब्ध असलेल्या कुठल्याही जुन्या संहितेत तो नाही. लसीका हा शब्द आपला प्राचीन आहे, लसीकरण नव्हे.)

व्याकरणाचं एक शेपूट. लशीचा की लसीचा? म्हैस-म्हशी, घूस-घुशी, तशी लस-लशी. जुन्या वळणाने लिहिणारे लशीचा लिहितात, मीही तसंच लिहिते. बहुतेक बातम्यांत ‘लसीचा’ आहे आणि त्याने कोणाला ताप येत नाही. ‘लसीकरण’ मात्र श न होता तसंच राहतं, कारण ते संस्कृत धाटणीने बनवलं आहे, शुद्धीकरणासारखं. पण शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नाही ते शुद्ध करणं. त्या हिशेबाने लसीकरण म्हणजे जो लस नाही त्याला लस करणं! वैय्याकरणी कपाळाला हात लावतील. आपण मात्र रस्त्याचं डांबरीकरण करतो तसं पोराचं लसीकरण करतो, आणि चालतं. करोनाच्या काळात तर ‘लसवंत’ असाही शब्द निघाला. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये दोन्ही डोस झालेल्यांनाच प्रवेश मिळाला तेव्हा तो मथळ्यांत सारखा दिसायचा. गुणवंत, भाग्यवंत, लसवंत. मला तो आवडला होता, टिकला नाही.

इथवर मौज झाली. पण हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्याच कारणाने. लस हे नाव द्रवाचं आहे, कामाचं नाही. त्यामुळे सुईतून जाणाऱ्या नको त्या गोष्टींनाही ते चिकटतं आणि जिथे हवं तिथे चिकटत नाही.

कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात असताना मे महिन्याच्या शेवटी एक शेतकरी आला. भातलावणी तोंडावर होती, मागच्या साली त्याच्या भावाला फुरसं चावलेलं. म्हणाला, ‘‘बाई, पावसाच्या आधी आम्हा दोघांना सापाची लस देऊन ठेवा.’’ त्याचं काय चुकलं? वर्तमानपत्रात ‘सर्पदंशाची लस उपलब्ध’ असंच छापून येतं. गोवरची लस गोवर व्हायच्या आधी घ्यायची, तर सापाची साप चावायच्या आधी. तर्क बिनतोड आहे, फक्त शब्द चुकीचा आहे. आपण ज्याला सापाची लस म्हणतो ते प्रतिविष. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढून ते बनवतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर ते चालतं, पण विष अंगात भिनल्याची लक्षणं दिसल्यावरच द्यायचं असतं. आधी दिलं तर काही दिवसांत शरीर ते काढून टाकतं, वर घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जी मात्र होऊ शकते.

फरक एका वाक्यात सांगायचा तर: लस शरीराला स्वयंपाक शिकवते, प्रतिविष आणि सीरम हे डबा आणून देतात. शिकायला आठवडे लागतात पण विद्या राहते. डबा लगेच मिळतो आणि संपतो. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, गंमत म्हणजे तेही दिसायला लशीसारखंच. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली सायरस पूनावाला यांनी काढली, घराण्याच्या स्टड फार्मवरच्या घोड्यांच्या सीरमपासून धनुर्वाताविरुद्धचं औषध बनवण्यापासून सुरुवात झाली, म्हणून ते नाव. आज ती जगाला पुरवते त्या मुख्यतः लशी. नाव डब्याचं, काम शिकवणीचं.

कुत्रा चावल्यावर हा घोळ जिवावर बेततो. फोनवर विचारलं, ‘‘लस दिली का?’’ तर ‘‘हो, लगेच दिली.’’ मुलगा आला तेव्हा कळलं, दिलं होतं ते धनुर्वाताचं इंजेक्शन. म्हणजे तीही लसच, पण रेबीजची नव्हे. दुसऱ्या एका घरातल्यांनी उत्साहाने कार्ड पुढे केलं, ते कुत्र्याचं निघालं. ‘कुत्र्याची लस’ या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, त्यांचं तरी काय चुकलं. आणि वयस्कर माणसं अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरून येत नाहीत. ती मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली जुनी लस होती, ती आपल्याकडे २००५च्या सुमारास बंदच झाली. आता चार-पाच भेटी, तेही दंडात. चावा खोल किंवा रक्त आलेलं असेल तर मात्र पहिल्याच दिवशी जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, भरावं लागतं. तो डबा, लस शिकवेपर्यंतच्या दिवसांसाठी. आणि या दोन्हींच्या आधी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं.

उलट बाजूही तितकीच मजेदार. पोलिओची लस कोणी म्हणत नाही, ‘डोस पाजला’ म्हणतात. धनुर्वाताचं ‘इंजेक्शन’. बाळाला ‘दीड महिन्याचं टोचून आणलं’. त्यामुळे ‘बाळाला सगळ्या लशी झाल्या का?’ या माझ्या प्रश्नाला पूर्वी कित्येक आया भाबडेपणाने ‘‘नाही हो, लस नाही दिली, नुसतं टोचलंय’’ असं उत्तर द्यायच्या. म्हणून मी लस हा शब्द वापरून विचारणंच सोडलं. दंड पाहते, बीसीजीचा व्रण दिसतो का ते बघते, मांडीवर कधी टोचलं ते विचारते, तोंडात थेंब किती वेळा पाजले ते विचारते आणि कार्ड मागते.

सापाच्या बाबतीत आमच्या कंपाउंडरने तोडगा काढला होता. औषधांच्या फ्रीजवर ‘सापाची लस’ अशी चिठ्ठी होती ती काढून त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘साप चावल्यावरचं औषध’. त्यातल्या ‘वरचं’खाली दोन रेघा मारल्या होत्या.